रिसर्चला पैसा कोण देणार? वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की स्कॉलरशिप, फेलोशिप, ग्रँट यात कुठं घोडं अडलंय ते कळवा, तर पत्रांचा ढीगच आला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच मागणी, "ताई, सगळ्या फंडिंगची एक यादी द्या ना." यादी देत नाहीये, रागावू नका. यादी छापून तुमच्या हातात पडेपर्यंत त्यातल्या चार तारखा उलटून गेलेल्या असतात आणि दोन योजनांचे नियम बदललेले असतात. आणि खरं सांगू का, यादी नाही म्हणून फारसं कुणाचं अडत नाही, अडतं ते पैसे देणाऱ्याला नेमकं काय हवंय हे न वाचता अर्ज ठोकून दिल्यामुळे.

एक ढोबळ फरक आधीच सांगून ठेवते कारण पत्रांमध्ये हे तीन शब्द एकमेकांत मिसळलेत. स्कॉलरशिप शिकायला मिळते, फेलोशिप माणसाला मिळते, ग्रँट कामाला मिळते. फेलोशिपच्या अर्जात तुम्ही कोण, कुठून कुठं निघालात हे आधी यायला हवं, ग्रँटच्या अर्जात प्रश्न आधी आणि तुम्ही नंतर. एकाचा मजकूर दुसऱ्यात पेस्ट केला की वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता पत्रांकडे वळू.

प्रश्न: मी बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला आहे. मार्क मध्यम, टॉपर वगैरे नाही. ओळखीत कुणी रिसर्चमधलं नाही. दुसऱ्या देशातल्या चांगल्या लॅबमध्ये दोन-तीन महिने काम करायचंय पण खर्च झेपणारा नाही. आपल्याला कोण घेणार असं वाटून अजून कुठंच अर्ज केलेला नाही.

म्हणजे त्यांनी नाही म्हणायच्या आधी तूच स्वतःला नाही म्हणून मोकळी झालीस. असं करू नकोस गं.

पदवीच्या मुलामुलींसाठी पैसे देऊन बोलावणारे प्रोग्रॅम बरेच आहेत. स्वित्झर्लंडमध्ये ईपीएफएल या विद्यापीठाचा लाइफ सायन्सेसचा समर प्रोग्रॅम, ऑस्ट्रियात आयएसटीए या संशोधन संस्थेची इंटर्नशिप आणि व्हिएन्ना बायोसेंटरची समर स्कूल, जपानमध्ये ओकिनावातल्या ओआयएसटी या विद्यापीठाची रिसर्च इंटर्नशिप. फिजिक्स, इंजिनीअरिंग किंवा कॉम्प्युटरवाल्यांना सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेचा समर स्टुडंट प्रोग्रॅम आहे, आणि त्यात सर्नचे सदस्य नसलेल्या देशांतली मुलंही घेतात. अ‍ॅमजेन स्कॉलर्सचं नाव ऐकलं असशील, त्यात एक मेख आहे, अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या जागा अमेरिकन नागरिक आणि कायम रहिवाशांनाच आहेत, बाकीच्यांनी युरोप आणि आशियातल्या जागांच्या अटी बघायच्या. आणि लक्षात ठेव, समरचे अर्ज समरमध्ये करायचे नसतात, बहुतेक खिडक्या आदल्या हिवाळ्यातच बंद होतात. दरवर्षी मे महिन्यात "ताई आता कुठं करू" अशी पत्रं येतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

प्रोग्रॅममध्ये नंबर नाही लागला तर थेट लॅबच्या प्रमुखांना मेल करायचा. आता हा मेल बहुतेक मुलं कसा लिहितात ते मला पाठ झालंय: "आदरणीय सर/मॅडम, मी अत्यंत मेहनती विद्यार्थिनी असून मला आपल्या प्रतिष्ठित संस्थेत संधी मिळाल्यास..." असा मेल एकाच वेळी दोनशे जणांना गेलाय हे समोरच्याला पहिल्याच ओळीत कळतं, सर/मॅडम मधली ती तिरकी रेघच चुगली करते. त्याऐवजी पाच-सहा ओळी लिही. त्यांचा एखादा पेपर खरोखर वाच, त्यातल्या एका आकृतीबद्दल तुला पडलेला खरा प्रश्न लिही, तुला हाताने काय येतं ते लिही (पीसीआर येतं, पायथॉन येतं, सेल कल्चर फक्त बघितलंय, जे असेल ते), किती आठवडे येऊ शकतेस ते लिही आणि पैशाचं सरळ विचार की तुमच्याकडे स्टायपेंड आहे का, नसेल तर मी अमुक योजनेत अर्ज करणार आहे, त्यासाठी होस्ट म्हणून पत्र द्याल का. हे शेवटचं वाक्य फार कमी मुलं लिहितात. फुकटचा एक महत्त्वाचा कागद मागितल्यासारखं वाटतं म्हणून संकोचतात बहुतेक, पण प्रोफेसर लोकांना अशा पत्रांची सवय असते.

मध्यम मार्कांबद्दल: मार्क बघतात, नाही बघत असं खोटं सांगणार नाही. पण शिफारसपत्रात एखाद्या शिक्षकाने "हिने बिघडलेला प्रयोग तीन वेळा पुन्हा केला आणि चूक कुठं होती ते शोधून काढलं" असं लिहिलं तर ते मार्कांच्या वरचढ ठरतं. त्यामुळे ज्यांनी तुला काम करताना पाहिलंय त्यांच्याकडून पत्र घे, मोठ्या पदावरच्या पण तुला न ओळखणाऱ्या माणसाकडून नको.

प्रश्न: मास्टर्स आणि पीएचडी बाहेर करायची म्हणजे कर्ज काढणं आलंच का?

मास्टर्सला कदाचित, पीएचडीला नाही. सायन्समध्ये पीएचडीला स्वतः फी भरायची वेळ येत असेल तर सही करायच्या आधी दहादा विचार करा, कारण चांगल्या ठिकाणी पीएचडी ही जवळजवळ नोकरीच असते. अमेरिकेत साधारणपणे फी माफ होते आणि टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंट म्हणून स्टायपेंड मिळतो. युरोपात कित्येक देशांत तर तुम्हाला चक्क कर्मचारी म्हणून घेतात, पगारपत्रक, सुट्ट्या, सगळं. युरोपियन युनियनच्या मेरी क्युरी योजनेत 'डॉक्टोरल नेटवर्क' असतात, त्यांच्या जागा 'युरअ‍ॅक्सेस' या पोर्टलवर नोकरीच्या जाहिरातीसारख्या येतात, कुठल्याही देशाच्या माणसाला अर्ज करता येतो, अट एकच जी लोकांना नडते ती म्हणजे ज्या देशात जायचं त्या देशात मागच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं किंवा काम केलेलं नसावं. म्हणजे एखादा पोरगा जर्मनीत दोन वर्षांचं मास्टर्स करून त्याच जर्मनीतल्या जागेला अर्ज करतो आणि बाद होतो, शेजारच्या नेदरलँड्समधल्या जागेला केला असता तर चाललं असतं. नियम माणसं हलवण्यासाठीच केलाय, एकाच जागी बसवण्यासाठी नाही. योजनेचा हेतू कळला की असे नियम पाठ करावे लागत नाहीत.

मास्टर्ससाठी युरोपियन युनियनची इरास्मस मुंडुस बघा. २००४ पासून चालू आहे, निदान दोन देशांत शिकायचं, स्कॉलरशिप मिळाली तर फी नाही आणि महिन्याला १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. जर्मनीला जायचं तर १९२५ मध्ये सुरू झालेली डीएएडी ही स्कॉलरशिप देणारी संस्था आहे, तिच्या बऱ्याच योजनांत शेवटची पदवी घेऊन सहापेक्षा जास्त वर्षं झालेली चालत नाहीत, त्यामुळे "आधी थोडी वर्षं नोकरी करू मग बघू" म्हणणाऱ्यांनी घड्याळाकडे लक्ष ठेवा. केंब्रिजसाठी गेट्स केंब्रिज आहे, ती २००० साली मिळालेल्या २१ कोटी डॉलरच्या देणगीतून उभी राहिली, ब्रिटनबाहेरच्या कुठल्याही देशातला माणूस अर्ज करू शकतो, पण वर्षाला साधारण ८० जणच निवडतात, तेव्हा एवढ्या एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवू नका.

ऑफर आली की हुरळून न जाता तीन गोष्टी लेखी विचारा. पैसे किती वर्षांसाठी पक्के, गाइडची ग्रँट मध्येच संपली तर पुढं काय, आणि आरोग्यविमा त्यात धरलाय का. हे विचारलं म्हणून कुणाची ऑफर गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

प्रश्न: मी डॉक्टर आहे, ओपीडी आणि वॉर्ड सांभाळून संशोधन करायची इच्छा आहे. डायबेटिसच्या पेशंटमध्ये मला एक गोष्ट वारंवार दिसते आणि त्यावर कुणी नीट काम केलेलं नाही. पण माझ्याकडे आधीचा डेटा नाही, पीएचडी नाही, वेळ तर नाहीच. मोठ्या ग्रँटला अर्ज करू की आधी काही लहान?

लहान. अगदी लहान. आणि डॉक्टर, तुमच्या पत्रातली "मला एक गोष्ट वारंवार दिसते" ही ओळ आहे ना, ती लॅबमध्ये बसलेल्या माणसाकडे नसते, तेव्हा डेटा नाही म्हणून फार ओशाळू नका.

पण "दिसते" आणि "आहे" यात अंतर आहे. पहिलं काम म्हणजे जुन्या केसपेपरवरून मोजदाद करणं. त्याला पैसे जवळपास लागत नाहीत, लागते ती एथिक्स कमिटीची परवानगी, आणि ती आधी घ्यायची, डेटा काढून झाल्यावर नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण उलटा क्रम करणारे डॉक्टर बरेच असतात आणि मग जर्नलवाले पेपर परत पाठवतात तेव्हा तारांबळ उडते. दुसरं, स्टॅटिस्टिक्सच्या माणसाला सुरुवातीलाच गाठा. समजा हिशोबाने १२० पेशंटचा पूर्ण फॉलोअप हवा आणि पाचातला एक मध्येच येणं बंद करतो असा तुमचा अनुभव आहे, तर भरती १२० नाही १५० जणांची करावी लागते, आणि मग त्या १५० च्या तपासण्या, १५० जणांचा येण्याजाण्याचा खर्च. बजेट तिथून सुरू होतं.

बजेटचा विषय निघालाच आहे तर जरा थांबते, कारण डॉक्टर मंडळींच्या अर्जात "केमिकल्स आणि किट्स" असं लिहून पुढं एक गोल आकडा टाकलेला असतो, आणि गोल आकडा बघितला की रिव्ह्यूअरच्या, म्हणजे अर्ज तपासणाऱ्याच्या, भुवया वर जातात. एलायझाचं, म्हणजे रक्तातला एखादा घटक मोजायच्या चाचणीचं, उदाहरण घ्या. एका प्लेटला ९६ खाचा. त्यातल्या १६ स्टँडर्डला (प्रमाण आधीच माहीत असलेल्या, तुलनेच्या सँपलना) गेल्या, आठ पायऱ्या दोन-दोनदा. उरल्या ८०. प्रत्येक सँपल दोनदा लावायचं म्हणजे एका प्लेटवर ४० सँपल. तुमच्या १५० पेशंटची सुरुवातीची आणि शेवटची अशी ३०० सँपल, म्हणजे साडेसात, म्हणजे आठ प्लेटा, आणि एक बिघडण्यासाठी, म्हणजे नऊ. एवढं चार ओळीत लिहिलंत की वाचणाऱ्याला कळतं की या माणसाने हे काम डोक्यात एकदा करून बघितलंय.

पैसा कुठून, तर आधी स्वतःची संस्था आणि तुमच्या विषयाची प्रोफेशनल सोसायटी, तिथं स्पर्धा कमी असते. ज्या योजना मुळातच आधीचा डेटा मागत नाहीत अशाही असतात. गेट्स फाउंडेशनने २००८ मध्ये ग्रँड चॅलेंजेस एक्सप्लोरेशन्स सुरू केलं तेव्हा अर्ज फक्त दोन पानांचा होता आणि पहिल्या टप्प्याला १ लाख डॉलर. मात्र तिथं विषय ते ठरवतात. त्यांच्या विषयात तुमचा प्रश्न बसत नसेल तर कोंबू नका. कर्करोगावर काम करणाऱ्यांनी यूआयसीसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संघटनेच्या महिनाभराच्या टेक्निकल फेलोशिप बघाव्यात, एखादं तंत्र दुसऱ्या सेंटरमध्ये जाऊन शिकून येण्यासाठी असतात.

आणि वेळ. वेळ हीच तुमची खरी ग्रँट आहे, किट नाही. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या डॉक्टरांसाठीच्या करिअर ग्रँट असतात ना, त्यांत साधारण ७५ टक्के वेळ संशोधनाला द्यायची अट असते आणि त्या वेळेचा पगार ग्रँटमधून निघतो, सर्जन लोकांना थोडी सूट. ही त्यांची पद्धत झाली, पण तत्त्व कुठंही लागू पडतं. अर्जासोबत तुमच्या विभागप्रमुखांचं पत्र जोडा, त्यात "आठवड्यातले अमुक दिवस यांना ओपीडी नसेल" असं स्पष्ट हवं. "आमचा पूर्ण पाठिंबा आहे" या वाक्याला काडीची किंमत नसते.

प्रश्न: प्रपोजल लिहितेय, पहिल्यांदाच. रिव्ह्यूअर नक्की काय बघतात?

मी काही वर्षं दुसऱ्यांचे अर्ज वाचायचं काम केलंय, कुणासाठी ते सोडा. तर कसं असतं बघ. दिवसभराचं आपलं काम संपवून रात्री लॅपटॉप उघडायचा, समोर दहा-बारा अर्ज, मीटिंग परवा. पहिलं पान नीट वाचलं जातं. त्या पानावर मन बसलं तर पुढची पानं आपण चांगलं काही सापडतंय का म्हणून वाचतो, नाही बसलं तर चुका शोधत वाचतो. सगळा खेळ तिथं आहे.

एनआयएचने याची सोय करून ठेवलीय, तिथं उद्दिष्टांचं पानच वेगळं असतं, बरोबर एक पान, आणि आर०१ या नेहमीच्या मोठ्या ग्रँटमध्ये त्यानंतर १२ पानं मूळ योजना. मार्क १ ते ९, आणि १ म्हणजे उत्तम, ९ म्हणजे वाईट, आपल्या सवयीच्या अगदी उलट. साधारण खालचा निम्मा गठ्ठा तर मीटिंगमध्ये चर्चेलाही घेत नाहीत. म्हणजे तुझं बारावं पान कितीही सुंदर असलं तरी ते पहिल्या पानाच्या जिवावर जगतं.

आता पहिलं पान बिघडतं कुठं. एक, सुरुवात. "कर्करोग हा जगभरातील मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे" हे वाक्य मी इतक्यांदा वाचलंय की आता डोळा आपोआप तिसऱ्या ओळीवर जातो. कर्करोग वाईट असतो हे रिव्ह्यूअरला माहितीये. "या औषधाला सुरुवातीला दाद देणारी गाठ काही महिन्यांनी दाद देईनाशी होते, आणि ती होते तेव्हा पेशींमध्ये नेमकं काय बदलतं हे अजून कुणी सलग बघितलेलं नाही" असं लिहिलंस तर मी पुढं वाचणार. दोन, पत्त्यांचा बंगला. उद्दिष्ट पहिलं, आम्ही एक नवीन प्रोटीन शोधू. उद्दिष्ट दुसरं, त्या प्रोटीनला अडवणारं रसायन शोधू. उद्दिष्ट तिसरं, ते रसायन उंदरांवर तपासू. प्रोटीनच सापडलं नाही तर? तीन वर्षांचे पैसे पहिल्या सहा महिन्यांत निकामी. उद्दिष्टं एकमेकांच्या शेजारी उभी हवीत, एकमेकांच्या डोक्यावर नाही. तीन, हाव. पाच उद्दिष्टं, एक पीएचडी विद्यार्थी, दोन वर्षं. रिव्ह्यूअरला यात उत्साह दिसत नाही, हिशोब न येणं दिसतं.

आणि "हे नाही जमलं तर काय करणार" हा परिच्छेद लिही गं बाई. नवखे लोक घाबरतात की अपयशाचं नाव काढलं तर आपण कच्चे दिसू. उलट आहे. ज्याने हे काम खरंच केलंय त्यालाच कुठं माती खाल्ली जाते ते ठाऊक असतं.

पाठवायच्या आधी हे एक पान तुझ्या विषयाबाहेरच्या कुणाला तरी वाचायला दे आणि मग पान काढून घेऊन विचार, "सांग बरं मी काय करणार आहे?" त्याने जे सांगितलं तेच रिव्ह्यूअर मीटिंगमध्ये सांगणार आहे, कारण पॅनेलवर तुझ्या नेमक्या विषयाचा माणूस एखाददुसराच असतो.

प्रश्न: एआयकडून प्रपोजल लिहून घेतलं तर चालतं का?

भाषा सुधारून घेणं आणि विज्ञान लिहून घेणं यात फरक करा. एनआयएचने २०२५ मध्ये नियम काढला, मोठ्या प्रमाणावर एआयने तयार केलेले अर्ज ते अर्जदाराचे मानणार नाहीत, आणि एका मुख्य संशोधकाने वर्षात सहापेक्षा जास्त अर्ज करायचे नाहीत, कारण काही जण पोत्यानं अर्ज पाठवायला लागले होते. रिव्ह्यूअरनीही तुमचा अर्ज एआयमध्ये टाकायचा नाही हे तर २०२३ पासूनच आहे. प्रत्येक संस्थेचं धोरण वेगळं, ते आधी वाचा. आणि एआयने दिलेला एकही संदर्भ स्वतः उघडून बघितल्याशिवाय घालू नका, अस्तित्वातच नसलेला पेपर रिव्ह्यूअरच्याच नावावर टाकलेला निघाला तर काय होईल कल्पना करा.

प्रश्न: पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) फेलोशिपला तीनदा नकार आला. तिसऱ्या वेळी एक रिव्ह्यूअर म्हणतो उत्कृष्ट, दुसरा म्हणतो नावीन्य नाही. नशिबाचाच खेळ आहे का हा?

थोडाफार आहे, हो. आणि हे मी तुमचं सांत्वन करायला म्हणत नाहीये, पैसे देणाऱ्यांनीच ते मान्य केलंय. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च काउन्सिलने २०१३ पासून त्यांच्या एक्सप्लोरर ग्रँटसाठी सरळ चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. म्हणजे आधी अर्ज पात्र आणि दमदार आहे का ते तपासायचं आणि मग पात्र अर्जांतून सोडत. जर्मनीच्या फोक्सवॅगन फाउंडेशनने आणि ब्रिटिश अकॅडमीनेही तसे प्रयोग केले. कारण सगळ्यात वरचे आणि सगळ्यात खालचे अर्ज कुणीही ओळखतं, मधल्या गर्दीत कुणाला उचलायचं यावर तज्ज्ञांचंही एकमत होत नाही. तुमच्या दोन रिव्ह्यूअरचं भांडण त्यातलंच.

शास्त्रज्ञ कातालिन कारिको यांचं उदाहरण लोक उठसूट देतात, मीही देते, पण जरा वेगळ्या कारणाने. एमआरएनएवरच्या (पेशीला प्रोटीन बनवायचा निरोप देणाऱ्या रेणूवरच्या) त्यांच्या अर्जांना नकारावर नकार मिळाले, १९९५ मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर ढकललं, आणि २०२३ मध्ये नोबेल. पण मधलं २००५ साल विसरू नका. एमआरएनए शरीरात टोचला की इम्युन सिस्टिम खवळते ही खरी अडचण होती, ती त्यांनी आणि ड्रू वाइसमन यांनी मिळून त्या वर्षी सोडवली. म्हणजे नकार देणाऱ्यांचं सगळंच चुकत होतं असं नाही, कामात एक खरं भोक होतं आणि ते बुजवायला वेगळ्या विषयातला जोडीदार लागला. तुमच्या तीनही नकारपत्रांत एकच गोष्ट पुन्हा येतेय का बघा. जी तीनदा आली ते भोक. जी एकदाच आली ती त्या माणसाची त्या दिवसाची मनःस्थिती.

शिवाय योजना बदलून बघा. नावीन्य नाही म्हणणाऱ्यांसमोर तेच काम नेण्यापेक्षा, विषय बदलणाऱ्यांसाठीच असलेली ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅमची फेलोशिप बघा. १९८७ च्या व्हेनिस शिखर परिषदेत जपानने ती कल्पना मांडली होती, ऑफिस स्ट्रासबर्गला आहे, आणि तिथं पीएचडीचंच काम पुढं ओढणारा अर्ज टिकत नाही. जर्मनीत जायचं असेल तर हुम्बोल्ट फाउंडेशन कुठल्याही देशाला किंवा विषयाला कोटा ठेवत नाही. मेरी क्युरी पोस्टडॉकमध्ये ८५ टक्के किंवा जास्त मार्क पडूनही पैसे नाही मिळाले तर 'सील ऑफ एक्सलन्स' नावाचं प्रमाणपत्र देतात, त्यावर काही देशांत वेगळे पैसे मिळतात. ते फ्रेम करून लावू नका, होस्ट संस्थेला विचारा.

प्रश्न: मुलांसाठी चार वर्षं कामातून बाहेर होते. पीएचडी होऊन आठ वर्षं झाली. आता सगळीकडे "पीएचडीनंतर इतकीच वर्षं" अशी अट दिसते. दार बंद झालं का?

नाही. अटीच्या खालची बारीक अक्षरं वाच. युरोपियन रिसर्च काउन्सिल आईला प्रत्येक मुलामागे १८ महिने वाढवून देते, म्हणजे दोन मुलं तर तीन वर्षं. मेरी क्युरीत पीएचडीनंतर आठ वर्षांच्या संशोधन अनुभवाची मर्यादा आहे पण करिअर ब्रेकची वर्षं त्यात मोजत नाहीत, म्हणजे तुझ्या हिशोबाने तुझी आठ नाही, चारच झाली. ब्रिटनमध्ये डॅफ्नी जॅक्सन ट्रस्ट तर निदान दोन वर्षं बाहेर राहिलेल्यांसाठीच आहे, आणि फेलोशिप अर्धवेळ करता येते, फक्त तिथं राहण्याच्या अटी बघून घे.

अर्जात ब्रेक लपवू नकोस आणि त्याबद्दल माफीही मागू नकोस. कधीपासून कधीपर्यंत, कशासाठी, एक ओळ, पुढं चल. "घरच्या जबाबदाऱ्यांमुळे दुर्दैवाने" वगैरे मजकूर काढून टाक, दुर्दैव कसलं आलंय त्यात.

प्रश्न: मी ज्या दुर्मिळ आजारावर काम करतो त्याचे पेशंट इतके कमी आहेत की मोठ्या संस्था "परिणाम किती लोकांवर?" असं विचारून बाजूला सारतात. मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठं?

पेशंट आणि त्यांच्या घरच्यांकडे. हे ऐकायला विचित्र वाटतं पण इतिहास तोच आहे. अमेरिकेत १९३८ मध्ये पोलिओसाठी मार्च ऑफ डाइम्स सुरू झालं, लोकांनी दहा-दहा सेंटची नाणी पाठवली, त्याच पैशावर जोनास साल्क यांची लस उभी राहिली आणि १९५५ मध्ये ती यशस्वी झाल्याचं जाहीर झालं. २०१४ मधलं डोक्यावर बर्फाचं पाणी ओतून घेणं आठवतंय? सगळे हसले, पण एएलएस (स्नायू हलवणाऱ्या नसांचा आजार) असोसिएशनकडे ११.५ कोटी डॉलर जमले आणि ज्या प्रकल्पांना त्यातून मदत झाली त्यातल्या एकातून २०१६ मध्ये एनईके१ या जीनचा आजाराशी असलेला संबंध समोर आला. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांच्या आनुवंशिक आजारासाठीच्या फाउंडेशनने तर औषध शोधणाऱ्या कंपनीतच पैसे घातले, औषध आलं, आणि २०१४ मध्ये त्यांनी रॉयल्टीचा हक्क ३३० कोटी डॉलरला विकून तो पैसा पुन्हा कामाला लावला. फ्रान्समध्ये १९८७ पासून टेलिथॉन, म्हणजे टीव्हीवरून देणग्या गोळा करायची मोहीम, चालू आहे, तीही मसलच्या आजारांच्या मुलांच्या पालकांनीच उभी केलेली.

या संस्थांचा अर्ज मात्र वेगळ्या पद्धतीने लिहावा लागतो. वाचणाऱ्यांत शास्त्रज्ञ असतात तसे पालकही असतात. साध्या भाषेतला सारांश तिथं शेवटच्या दिवशी उरकायचा कागद नसतो, कधीकधी तोच सगळ्यात आधी वाचला जातो. आणि खोटी आशा लावू नका. "पाच वर्षांत उपचार" असं लिहिलंत तर ते आईवडील पाच वर्षं मोजत बसतात हो.

प्रश्न: मेल आलाय की माझी "ग्लोबल रिसर्च ग्रँट" साठी निवड झाली, फक्त प्रोसेसिंग फी भरायची आहे. भरू का?

नको. अर्ज न करता ग्रँट मिळत नाही, आणि खरी फंडिंग संस्था निवड झालेल्याकडून पैसे मागत नाही. मेलचा पत्ता संस्थेच्या अधिकृत वेबसाइटशी ताडून बघा आणि पासपोर्टची कॉपी पाठवली असेल तर ताबडतोब सायबर तक्रार करा.

प्रश्न: डेडलाइन संध्याकाळी पाचची म्हणजे कुठल्या पाचची?

हसू नका, हा प्रश्न मीच स्वतःला विचारायला हवा होता एकदा. युरोपियन युनियनच्या योजनांत पाच म्हणजे ब्रुसेल्सचे पाच, एनआयएचमध्ये पाच म्हणजे अर्ज करणाऱ्या संस्थेच्या गावचे पाच. मी एका ठिकाणी उलटं धरून बसले होते, आरामात चहा घेत शेवटची पीडीएफ चाळत होते आणि पोर्टल कधीच बंद झालेलं. तेव्हापासून मी तारीख कॅलेंडरमध्ये दोन दिवस आधीची टाकते. शिवाय बऱ्याच ठिकाणी अर्ज तुम्ही नाही, तुमच्या संस्थेचं ग्रँट ऑफिस सबमिट करतं, आणि त्यांची स्वतःची आतली डेडलाइन आणखी आठवडाभर आधी असते, ती कुठंच छापलेली नसते. आजच जाऊन विचारून या.